चौकातली पेशंट

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हती. मुलाला नाही, सुनेला नाही, देवाला — त्याला माहीत असेल तर त्यानं आजवर तोंड उघडलं नाही. म्हणजे आम्ही दोघं सारखेच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हटलं की माझी जीभ लगेच गंमत करायला लागते, आणि ऐकणारा हसून उठून जातो. असं चार-पाच वेळा झालंय.

गंमत करायची खोड मला जन्मापासूनची. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत कुसुममामी म्हटलं की माणसं आधीच हसायच्या तयारीत असतात. आता माझी सत्तरी उलटली; ही हकिकत पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. तेव्हाची कुसुम मला आज भेटली तर मी तिला दारात उभी करणार नाही. पंचावन्न वर्षांची बाई, केसांना काळा रंग, हातात डझनभर बांगड्या, आणि डोक्यात हे पक्कं — की या शहरात माझ्याएवढी हुशार बाई दुसरी नाही.

हुशारी कसली, तर पोलिसाला चुकवायची.

नागपुरात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. समोरून येणारा गाडीवाला आपल्या डोक्यावर टपली मारून दाखवतो — म्हणजे पुढच्या चौकात हेल्मेट तपासून राहिले. मग प्रत्येकाला दोन मिनिटांत ठरवायचं असतं. गल्लीत वळायचं? मुकाट थांबून चालान फाडून घ्यायचं? की मान खाली घालून गाडी दामटायची? आमच्या गल्लीतले बापे या तिन्हींतच अडकलेले. चौथा रस्ता मी काढला.

आमच्या ह्यांच्या गुडघ्याचा एक एक्सरे काढलेला होता. ते मोठं पिवळं पाकीट मी जपून ठेवलं. का? तर एकदा माझ्या लक्षात आलं की मागे बसलेल्या बाईच्या हातात असं पाकीट दिसलं की पोलीस हात खाली करतो. सगळा विदर्भ, अर्धा मध्य प्रदेश नागपुरात दवाखान्यासाठी येतो. रोज शेकडो पाकिटं रस्त्यानं जाताना पाहिलेली त्यांनी. कोण माणूस एक्सरेवाल्या बाईला उन्हात थांबवील? आपण पाकीट छातीशी धरायचं, मान टाकायची, जरा कण्हायचं. बस.

गल्लीतल्या बाया ते मागून न्यायच्या. "मामी, पाकीट देता का जी, सदरला जायचं होतं." एकदा एका शिपायानं ते उघडून उन्हात धरलं. आत गुडघा, आणि आमची शेजारीण छाती दाबून बसलेली. ती म्हणाली, दुखणं वर चढलं साहेब. त्या शिपायालाही हसू आलं, सोडून दिलं. हा किस्सा मी किती हळदीकुंकवांत सांगितला असेल! सांगताना मी मान कशी टाकायची ते करून दाखवायची. डोळे पांढरे करायची. बाया पोट धरधरून हसायच्या. मला वाटायचं, मी नाटकात जायला हवं होतं.

आता आमचे हे — वामनराव. हे मूळचे विणकराच्या घरचे. तरुणपणी उमरेडला मागावर बसले. त्या खटखटीनं डावा कान गेला आणि उजवाही निम्माच राहिला. पुढे नागपुरात एका कापडाच्या दुकानात आयुष्यभर मापं काढली. मीटरभर कापड मागितलं तर मीटरभरच देणारा माणूस. पोलिसानं हात केला की हे थांबायचे. हात केला नाही तरी गाडी हळू करायचे, न जाणो त्याला काही विचारायचं असेल. माझ्या पाकिटाचे धंदे त्यांना कळले होते. ते हसले नव्हते. एवढंच म्हणाले होते, की खऱ्या पेशंटची वाट तू खाऊन राहिली. मी तेही हळदीकुंकवात सांगितलं. नकलेसकट.

म्हणून त्यांच्या मागे बसून मी हा खेळ कधी केला नव्हता. एकदाच केला.

एप्रिलमधली सकाळ. माझ्या भावाच्या मुलीचं साक्षगंध होतं हुडकेश्वरला — पुण्या-मुंबईकडे त्याला साखरपुडा म्हणतात. मुलीची ओटी भरायचा पहिला मान आत्याचा. आत्या दोन — मी आणि माझी धाकटी बहीण शोभा. मोठी मी. पण शोभा हुडकेश्वरलाच राहते. मला उशीर झाला असता तर ती ताटावर हात ठेवून मोकळी झाली असती आणि वर म्हणाली असती, ताई आली नाही, मग काय करता. हे मला सहन होणार नव्हतं. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? हो. एवढ्यासाठीच. याहून मोठं कारण असतं तर मी ते आधीच सांगितलं असतं.

निघताना हेल्मेट मीच दाराआड ठेवलं. ते घातलं असतं तर उतरल्यावर मलाच हातात धरायला लागलं असतं, आणि माझ्या मांडीवर ओटीचं ताट, नारळ, खण. हे नको नको म्हणत होते. मी म्हटलं, दहा वाजून गेले, चला.

त्या चौकाचं नाव लिहीत नाही. चौकाच्या जरा अलीकडे दोघा-तिघांनी समोरून टपली मारून दाखवली. ह्यांनी गाडी हळू केली. गल्लीत वळायला जागा नव्हती, आणि असती तरी हे वळले नसते. पुढे एक पोलीस पोरगी उभी. पंचवीस-सव्वीसची असेल. बाकीचे दोघे पलीकडे चालान फाडण्यात गुंतलेले. तिनं आम्हाला बाजूला घ्यायचा हात केला. आमच्या आधीचे चार जण रांगेत उभे, म्हणजे अर्धा तास गेला. ह्यांनी इंडिकेटर दिला.

आणि मी पिशवीतून पाकीट काढलं.

ते पिशवीत होतंच. कायम असायचं. मी मान टाकली ह्यांच्या पाठीवर. कण्हले. ह्यांना वाटलं मला खरंच काही झालं — मला बी.पी. होतंच. ते घाबरले, काय होते वं, काय होते वं, असं विचारत राहिले, आणि मी त्यांनाही उत्तर दिलं नाही. नट एकदा रंगमंचावर गेला की गेला, नाही का?

ती पोरगी धावत आली. माझ्या गालाला हात लावला. हात घामानं ओला होता, ते मला आठवतं. माझे डोळे तेव्हा पांढरे केलेले. ती ह्यांना म्हणाली, "काका, थांबू नका. सरळ दवाखान्यात न्या. मी रस्ता करून देते."

सिग्नल लाल होता. ती चौकाच्या मधोमध पळाली, शिट्टी वाजवत, दोन्ही हात पसरून. पापण्यांच्या फटीतून मी हे सगळं पाहत होते. आडव्या रस्त्याची वाहनं थांबली — एकेक करत थांबली. आमची गाडी तिच्यासमोरून गेली. जाताना तिनं आम्हाला हातानं, पुढे पुढे, असं केलं. मला आतून हसू फुटत होतं. हेही लिहून ठेवते. मी मनातल्या मनात हा किस्सा शोभाला सांगायला सुरुवात केली होती.

मग मागे आवाज झाला.

मी डोळे उघडले आणि वळून पाहिलं. लाकडं भरलेला एक टेम्पो तिरपा उभा होता. ती रस्त्यावर बसलेली. पडलेली नाही — बसलेली, तांदूळ निवडायला बसतात तशी, एक पाय सरळ आणि दुसरा दुमडलेला. फक्त तो ज्या बाजूला दुमडला होता त्या बाजूला माणसाचा पाय दुमडत नाही. ती ओरडत नव्हती. आमच्याच दिशेनं पाहत होती. माणसं धावत होती.

ह्यांना त्यांच्या त्या निम्म्या कानानं काहीतरी ऐकू आलं. "कायचा आवाज झाला वं?"

"टायर फुटलं कोणाचं तरी," मी म्हटलं. "तुम्ही चला जी. थांबू नका."

हाच तो कबुलीजबाब. बाकीचं सगळं त्याच्या अलीकडे-पलीकडे आहे. पोलिसाला चुकवणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी कोणी कबुलीजबाब लिहीत नाही. पण एक माणूस थांबायला तयार होता — जन्मभर थांबत आलेला माणूस — आणि त्याला मी थांबू दिलं नाही. तो थांबला असता, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर खोटं बोलले.

पुढे एका कडुलिंबाखाली ह्यांनी गाडी लावली. मला पाणी पाजलं. दवाखान्यातच नेतो म्हणत होते. मी ढेकर दिला आणि म्हटलं, गॅस होता, बरं वाटून राहिलं. तिथून चौक पाच मिनिटांवर होता. मागे जाता आलं असतं. मी पदरानं तोंड पुसलं, ताटातला नारळ सरळ केला.

ओटी मीच भरली. हात थरथरले असं लिहिलं तर तुम्हाला जरा बरं वाटेल. नाही थरथरले. शोभा बाजूला तोंड पाडून उभी होती आणि मला तेही दिसलं, आवडलंही. जेवताना ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, की हिची तब्येत रस्त्यात बिघडली आणि एका पोलीस पोरीनं काय धावपळ केली! सिग्नल लाल असताना रस्ता करून दिला म्हणाले. सगळ्यांनी माझ्या पानात जास्तीचा लाडू वाढला.

दोन दिवसांनी पेपरात आलं. आतल्या पानावर, छोटंसं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. टेम्पोवाला म्हणत होता, माझा सिग्नल हिरवा होता, ही अचानक मधे आली. तिचे सोबतीही सांगत होते की त्यांनी कोणी पेशंट पाहिला नाही. ती मात्र म्हणत होती, एक बाई होती, मोटारसायकलवर, बेशुद्ध पडायला आलेली. खाली दोन ओळी होत्या, की ती दुचाकी ज्यांची असेल त्यांनी कृपया पुढे यावं, म्हणजे खरं काय ते कळेल.

हे अंघोळीला गेले होते. पेपर आमच्याकडे आधी मी वाचायची, मग अंघोळ करून आले की हे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. मी ते पान काढलं. ओट्यावर पसरलं. त्याच्यावर वांगी चिरली — देठं, बिया, काळं पाणी सगळं त्याच्यात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या गाडीत माझ्या हातानं टाकून आले. ह्यांनी विचारलं, मधलं पान कुठं गेलं. भाजीला घेतलं म्हटलं. हे म्हणाले, बरं. उरलेला पेपर घेऊन बसले.

त्या दोन ओळी त्यांच्यासाठीच होत्या, समजतंय ना तुम्हाला? त्यांनी वाचल्या असत्या तर पायात चप्पल न घालता निघाले असते. पेशंट होती, माझी बायको होती, असं साहेबासमोर सांगितलं असतं. आणि कोणी विचारलं असतं, काय झालं होतं तुमच्या बायकोला? मग? मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. एवढ्या एका नजरेला मी भ्याले. त्या पोरीचा पाय एकीकडे, तिचा शब्द खरा की खोटा हे एकीकडे, आणि दुसऱ्या पारड्यात ह्यांची एक नजर. मी काय निवडलं ते सांगितलंच.

गल्लीतल्या बायांना सांगितलं, पाकीट उंदरांनी खाल्लं.

पुढची चौदा वर्षं हे त्या पोरीची गोष्ट सांगत राहिले. लग्नात, तेराव्याला, सलूनमध्ये. कोणी पोलिसांना नावं ठेवली की हे सुरू व्हायचे. "असं सरसकट बोलू नका गा. माझी बायको एका पोलीसवालीनं वाचवली." घरी सांगायचे तेव्हा मी तिथंच बसलेली असायची. चहा द्यायची, पान लावायची. कोणी माझ्याकडे पाहिलं की मान हलवायची. तुम्ही कधी स्वतःच्याच खोट्याला दर महिन्याला मान हलवली आहे? सवय होते. हेच वाईट आहे, की सवय होते.

त्या वर्षीच्या दिवाळीत हे तिला द्यायला संत्रा बर्फीचा डबा घेऊन त्या चौकात गेले. मी घरात बसून होते. ते परत येईपर्यंत मी जेवढी भ्याले तेवढी आयुष्यात कधी भ्याले नाही. तिथल्या नव्या शिपायाला जुनं काही माहीत नव्हतं. त्या मॅडम आता इथं नसतात, एवढंच तो म्हणाला. बदली झाली असंल, म्हणत हे डबा घेऊन परत आले. उदास झाले. मग आम्हीच ती बर्फी खाल्ली. मी दोन वड्या खाल्ल्या.

गेल्या साली हे गेले. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सलाही त्यांनी ती गोष्ट सांगितली. नीट बोलताही येत नव्हतं. नर्स माझ्याकडे पाहून म्हणाली, नशीबवान आहात आजी.

आता लपवायचं कोणापासून? नजरच उरली नाही. मग मी का गप्प होते अजून, हे मला सांगता येत नाही.

मागच्या महिन्यात शेजारीण कसल्याशा कागदासाठी पोलीस ठाण्यात गेली होती. येऊन सांगत होती, टेबलावर एक मॅडम बसतात, काठी घेऊन चालतात. कोण्या पेशंटला रस्ता करून देताना पाय गेला म्हणे. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षा करून गेले. सुनेला बाजारात जाते म्हटलं. रस्ताभर वाक्यं पाठ केली. आधी नाव सांगायचं, मग चौक, मग पाकीट. साधी चार वाक्यं. मला पाठांतर चांगलं जमतं.

तिला मी लगेच ओळखलं. चाळिशी आलेली, केस कानापाशी पिकलेले. तिनं मला ओळखलं नाही. ओळखणार कशी, तिनं पाहिलेल्या बाईचे डोळे पांढरे होते. तिनं खुर्ची पुढे केली. "बसा ना आजी. उभ्या काहून?"

मी बसले. काय काम काढलं म्हणाली. आणि मी — मी म्हटलं, मोबाईल हरवला.

मोबाईल माझ्या पिशवीत होता. बंद करून ठेवला होता, बोलताना वाजू नये म्हणून.

ती लिहायला लागली. कुठं हरवला, कधी, कोणता रंग. मी सगळं सांगितलं, न अडखळता. बुधवारी बाजारात, कांद्याच्या ढिगापाशी. मधेच मी तिला विचारलं, पायाला काय झालं. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. तिनं पेन थांबवलं नाही. सहज सांगत गेली, पुष्कळ वेळा सांगितलेली गोष्ट सांगतात तशी. चौकशी झाली म्हणाली. मग तीन ऑपरेशनं. रस्त्यावरची ड्यूटी गेली ती गेलीच. साहेब वाईट नव्हते, पण पेशंट कुठं आहे म्हणून विचारायचे, आणि ती कुठून आणणार?

"कोणीच नव्हतं म्हणे," ती म्हणाली. "मी तिच्या गालाले हात लावला होता आजी. असं कसं कोणी नव्हतं?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

मग तिनं पेन खाली ठेवलं. "मले कधी कधी वाटते, पुढं काय झालं असंल तिचं. वेळेवर पोचली का नाही. वाचली असंल काय हो?"

ती चार वाक्यं तेव्हाही माझ्या तोंडात होती. खरंच होती. तिच्या टेबलावर पाण्याची बाटली होती, एका बाजूला काठी टेकवलेली, आणि ती माझ्याकडे पाहत होती — उत्तर मला माहीत असावं अशी नाही, तर नुसतीच, म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात तशी.

"वाचली," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. तुमच्या तोंडात साखर पडो आजी, म्हणाली. मग कागद माझ्याकडे फिरवला, कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं. त्याच्या वर एक ओळ होती — वर दिलेली माहिती खरी आहे. मी चष्मा लावून ती वाचली. पूर्ण नावानं सही केली, खाली तारीख घातली, आणि घरी आले.